आगीची एनओसी मागता, मग संगणकाची का नाही?



२४ मे २०१९ हा दिवस सुरतकर विसरणार नाहीत. सरथाणा येथील तक्षशिला आर्केडला आग लागली आणि २२ विद्यार्थ्यांचा बळी गेला. त्यानंतर शहरात धावपळ झाली. क्लासेसना टाळी लागली, इमारती सील झाल्या, 'फायर एनओसी' हा शब्द लहान पोरांनाही पाठ झाला. पुढे कोरोनाच्या काळात ६ ऑगस्ट २०२० रोजी अहमदाबादच्या श्रेय हॉस्पिटलात ८ रुग्ण आगीत दगावले, १ मे २०२१ रोजी भरूचच्या पटेल वेल्फेअर हॉस्पिटलात १८ जण गेले. मग दवाखान्यांचीही झडती सुरू झाली. वरातीमागून घोडे! पण निदान घोडे आले तरी. आज आपण हॉस्पिटलात शिरताना भिंतीवर आग विझवायचे लाल नळकांडे आहे का, बाहेर पडायला दुसरा जिना आहे का, एवढे तरी पाहतो.

आता एक साधा प्रश्न. त्याच हॉस्पिटलात केसबारीपासून घरी सोडण्याच्या कागदापर्यंत सगळे काम संगणकावर चालते. रुग्णाचे नाव त्यात, रक्ताचा गट त्यात, लॅबचा रिपोर्ट त्यात, औषधाची मात्रा त्यात. हा संगणक, त्यातली प्रणाली, तिचे पासवर्ड, तिची वीज आणि ती बंद पडली तर पुढे काय, हे बाहेरच्या कोणी माणसाने तपासून 'ठीक आहे' अशी सही केली आहे का? आगीची एनओसी भिंतीवर लागते. संगणकाची एनओसी कोणी कधी पाहिली आहे?

नाही पाहिली. कारण तशी सक्तीची परीक्षाच आपल्याकडे नाही!

जिथे पैसा, तिथे पहारा

मी डॉक्टर नाही, इंजिनीअर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि वीस वर्षे बँकेत संगणकासमोर बसून दुसऱ्याचा पैसा सांभाळतो. तेवढ्या अधिकाराने लिहितो.

बँकेत कारकून एंट्री करतो, पण दुसरा अधिकारी आपल्या पासवर्डने ती मंजूर करीपर्यंत मोठी रक्कम जागची हलत नाही. संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय कॅशियर घरी जात नाही. पन्नास रुपयांचा फरक आला तर रात्री आठपर्यंत बसून शोधतो. वर इन्स्पेक्शन, कन्करंट ऑडिट, स्टॅच्युटरी ऑडिट. कोअर बँकिंग आले तेव्हा जुने लेजर एका रात्रीत फेकून दिले नाही. जुने-नवे आकडे ताडून पाहिले, शिल्लक पैशापैशाला जुळवली, मगच नव्यावर विश्वास ठेवला.

रिझर्व्ह बँकेने २ जून २०१६ रोजी बँकांना बजावले की संगणकावर हल्ला झाला तर दोन ते सहा तासांच्या आत कळवा. ६ जुलै २०१७ रोजी दुसरा आदेश काढला. बँकेच्या हलगर्जीपणामुळे ग्राहकाचे पैसे गेले तर ग्राहकाला तोशीस लागणार नाही. तिऱ्हाईताच्या लबाडीने गेले, बँकेचा वा ग्राहकाचा दोष नसला आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तरीही नाही.

हा एवढा पहारा पैशासाठी! आणि जिवासाठी? आमच्या घरातल्याच एका बाईंच्या हाती शहरातल्या एका खासगी हॉस्पिटलात रक्ताचा रिपोर्ट आला, त्यावर 'पुरुष, वय ६२' असे छापलेले. नाव मात्र त्यांचेच! खिडकीवर विचारले तर उत्तर मिळाले, 'सिस्टममां एवुं ज बतावे छे.' सिस्टीममध्ये तसेच दाखवते! बँकेत मी ग्राहकाला हे उत्तर दिले तर दुसऱ्या दिवशी मला मेमो मिळेल. तिथे त्या उत्तरावर विषय संपला.

हे कल्पनेतले भय नाही

कोणी म्हणेल, संगणकाने काय माणूस मरतो? होय, मेला आहे. थेरॅक-२५ नावाचे कॅनडात बनलेले यंत्र कर्करोगाच्या रुग्णांना शेक देण्यासाठी होते. त्याच्या आधीच्या यंत्रांत चुकीचा किरण अडवणारी लोखंडी अडसराची सोय होती. नव्या यंत्रात ती काढून काम सॉफ्टवेअरवर सोपवले. सॉफ्टवेअरमध्ये चूक राहिली होती. चालवणाऱ्याने टाइप केलेली चूक भराभर सुधारली की यंत्राचा गोंधळ व्हायचा आणि ठरल्यापेक्षा कितीतरी पट मारा रुग्णावर व्हायचा. पडद्यावर फक्त 'मालफंक्शन ५४' असे दिसे. त्याचा अर्थ सोबतच्या पुस्तकातही धड दिलेला नव्हता. १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना असा मारा बसला, त्यांतले काही दगावले. आणि कंपनी आधी काय म्हणत होती? आमच्या यंत्रातून असे होणे शक्यच नाही!

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयाची. २००२ मध्ये तेथे डॉक्टरांनी औषधे कागदावर न लिहिता संगणकावरच लिहावी अशी पद्धत आणली. हेतू चांगला होता, अक्षर लागत नाही म्हणून होणाऱ्या चुका टळाव्यात. पण २००५ मध्ये तेथल्याच डॉक्टरांनी हिशेब छापला, तेव्हा दुसरीकडून हलवून आणलेल्या अत्यवस्थ मुलांतील मृत्यूचे प्रमाण २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेलेले दिसले. मूल दाखल होऊन त्याची नोंद होईपर्यंत औषधाची ऑर्डरच टाकता येत नव्हती. औषधे मध्यवर्ती भांडारात गेली होती. डॉक्टर आणि परिचारिका मुलाजवळ कमी, पडद्याजवळ जास्त उभ्या राहू लागल्या. गंमत पाहा, सिएटलच्या मुलांच्या रुग्णालयाने त्याच कंपनीची प्रणाली नीट तयारी करून बसवली, तेथे मृत्यू वाढले नाहीत. म्हणजे दोष संगणकाचा नव्हता. न तपासता, घाईने बसवण्याचा होता.

आता परदेश सोडा, घरचे पाहा. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर हल्ला झाला. देशातले पहिल्या नंबरचे रुग्णालय सुमारे दोन आठवडे हाताने केस पेपर लिहीत होते. पाच सर्व्हर बाधित झाले, १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, असे सरकारने राज्यसभेत सांगितले. कारणही सांगितले. आतल्या जाळ्याचे कप्पे नीट पाडलेले नव्हते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर स्ट्राँगरूम आणि चहाची टपरी यांना एकच दरवाजा!

त्याच २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतली एचएमआयएस ही संगणक प्रणाली कंपनीशी बिनसल्यामुळे बंद पडली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातही डॉक्टर पुन्हा कागद-पेनावर आले. इथे चोर नाही, दरोडा नाही. फक्त करार. करार तुटला की वर्षानुवर्षांच्या रुग्णांच्या नोंदी हाताशी नाहीत, हे आधी कोणाच्याच लक्षात आले नाही का?

आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्याच राज्यात राजकोटला जे झाले ते लिहितानाही लाज वाटते. एका प्रसूतिगृहाच्या तपासणी खोलीतल्या सीसीटीव्हीतले आयाबहिणींचे चित्रण चोरून इंटरनेटवर विकले गेले. पकडलेल्यांत लातूर आणि सांगलीचे तरुण होते. ही आपल्या मराठी माणसाच्याही मान खाली घालण्याची गोष्ट. कॅमेऱ्याचा पासवर्ड दुकानातून आला तसाच, 'अ‍ॅडमिन १२३' होता, असे पुढे वृत्तपत्रांत आले. घराला कुलूप लावायचे आणि किल्ली दाराला लटकवून ठेवायची, असा हा प्रकार! मुळात तपासणीच्या खोलीत कॅमेरा कशाला हवा होता, हे तरी कोणी विचारले होते का?

आपल्या लोकांचा खास प्रश्न

बांधवांनो, हा विषय सर्वांचा आहे, पण आपल्या समाजाला तो जास्त लागतो. कसा ते सांगतो.

आपण जुनी घराणी चार पिढ्यांपासून सुरतेत आहोत. आपले काम आजवर ओळखीने चालले. सिव्हिलमध्ये कोणी मामा, स्मीमेरमध्ये कोणी वहिनी नोकरीला. फोन केला की वॉर्डात लक्ष ठेवले जाई. पण संगणक ओळख पाळत नाही. त्याला दिसते ते नाव आणि नंबर. लिंबायत, उधना, डिंडोली, नवागाम या भागांत पाटील किती, सोनवणे किती, महाजन किती, मोजता येतील का? एकाच दिवशी एकाच वयाच्या दोन सुनंदा पाटील केसबारीवर येणे ही नवलाची गोष्ट नाही. त्यात नाव लिहिण्याचा घोळ. आधारवर सुनंदा, रेशनकार्डावर सुनंदाबेन, नवऱ्याच्या नावापुढे कुठे भाई आहे, कुठे नाही. आडनाव एकीकडे आधी, दुसरीकडे शेवटी. मराठीतून गुजरातीत आणि गुजरातीतून इंग्रजीत जाताना स्पेलिंग तीन तऱ्हेचे. बँकेत केवायसीच्या वेळी हा घोळ मी रोज पाहतो. खाते फार तर चार दिवस अडकते. दवाखान्यात मात्र एका सुनंदाचे रक्त दुसऱ्या सुनंदाच्या नावावर चढू शकते.

सरकारी नोंदी किती चोख असतात, त्याचा नमुना कॅगने ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत ठेवला. आयुष्मान योजनेच्या नोंदीत ७ लाख ४९ हजार ८२० लाभार्थी ९९९९९९९९९९ या एकाच मोबाईल नंबरला जोडलेले सापडले! सरकारचे म्हणणे असे की मोबाईल नंबरावरून ओळख पटवली जात नव्हती. मान्य. पण माझ्या शाखेत साडेसात लाख सोडा, सात खाती एका खोट्या नंबरवर निघाली तर चौकशी लागेल. भरणाऱ्याने काहीही भरले आणि यंत्राने निमूटपणे घेतले, यात ओळख कशावरून पटते हा मुद्दा नाही. तपासणारे कोणीच नव्हते, हा मुद्दा आहे.

मग काय संगणक नको?

असा उलटा अर्थ कोणी काढू नये. डॉक्टरांचे अक्षर औषधवाल्यालाच लागते, हा विनोद आपण सगळ्यांनी ऐकला आहे, आणि त्या अक्षरापायी माणसे दगावली आहेत हेही खरे. जुना एक्स-रे हरवणे, तीच तपासणी दुसऱ्यांदा करून पैसे उकळणे, फाइल उंदरांनी खाणे, हे कागदाच्या जमान्याचे रोग. संगणक हवाच. पण तो औषधासारखा आहे. औषध गुणकारी आहे म्हणून तपासल्याविना कोणी टोचून घेत नाही.

कायदे आहेत ना, असे साहेब लोक सांगतील. आहेत. १ एप्रिल २०२० पासून निदान-उपचाराची उपकरणे, त्यांतली सॉफ्टवेअरसुद्धा, औषधाच्या व्याख्येत आली. पण केस पेपर, रिपोर्ट आणि औषधांच्या नोंदी ठेवणारी रोजची प्रणाली त्या रांगेत बसत नाही. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या आदेशाप्रमाणे हल्ला झाला तर सहा तासांत कळवायचे, पण कळवायचे दिल्लीला. खाजगी माहितीच्या रक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, २५० कोटींपर्यंत दंड ठेवला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि मुख्य बंधने लागू व्हायला पुन्हा अठरा महिन्यांची मुदत! शिवाय हा कायदा मुख्यतः माहिती फुटली तर विचारणार. माहिती फुटली नाही, पण चुकली आणि रुग्णाला दुसऱ्याचे इंजेक्शन गेले, तर? तिथे डॉक्टर म्हणणार सिस्टीम चुकली, हॉस्पिटल म्हणणार कंपनी चुकली, कंपनी म्हणणार बटण दाबणारा चुकला. शेवटी खापर फुटणार आठ-दहा हजारांवर कंत्राटाने ठेवलेल्या डेटा एंट्रीच्या पोरावर. चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि तो पोरगा बहुधा आपल्याच वस्तीतला असतो.

अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११ च्या अहवालात याच दुखण्यावर बोट ठेवले होते. सॉफ्टवेअर कंपन्या करारात जबाबदारी झटकणारी आणि दोष उघड करू न देणारी कलमे घालतात, त्यामुळे एका रुग्णालयातला धोका दुसऱ्याला कळतच नाही. आपल्या महापालिकेच्या आणि सरकारच्या करारांत अशी कलमे आहेत का, हे जाणून घेण्याचा करदात्याला हक्क नाही काय?

आमच्या मागण्या

हे काम अशक्य आहे असे कोणी सुरतकराला सांगू नये. १९९४ च्या प्लेगनंतर ज्या शहराला देशभर नाक मुरडले गेले, तेच शहर दोन-तीन वर्षांत स्वच्छतेसाठी नावाजले गेले. नवे काही जादूचे केले नव्हते. अधिकारी रोज रस्त्यावर उतरले, रोज नोंद झाली, रोज जाब विचारला गेला. तीच शिस्त आता दवाखान्याच्या संगणकाला लावा. स्मीमेर महापालिकेचे, नवी सिव्हिल राज्य सरकारचे. दोघांकडे आपली मागणी एकच राहील:

१) प्रत्येक रुग्णालयाच्या संगणक प्रणालीची वर्षातून एकदा तपासणी व्हावी. ती प्रणाली विकणाऱ्या कंपनीकडून नव्हे, तिऱ्हाइताकडून. निकाल फायर एनओसीप्रमाणे भिंतीवर लावावा. गुजरातच्या २०२१ च्या क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायद्याखाली खासगी हॉस्पिटलांनाही ही अट घालावी.

२) चुकीचा रुग्ण, चुकीचा रिपोर्ट, चुकीची मात्रा, प्रणाली किती तास बंद, यांची नोंदवही ठेवावी. चूक कळवणाऱ्या परिचारिकेला वा कारकुनाला शिक्षा नसावी. लपवणाऱ्याला असावी. दर तीन महिन्यांनी आकडे जाहीर व्हावेत.

३) रक्त, इंजेक्शन वा ऑपरेशन याआधी नुसत्या नावावर काम होऊ नये. नाव आणि जन्मतारीख किंवा केस नंबर अशा दोन खुणा पटवाव्यात. नावाला भाई-बेन चिकटवू नये, आधारवर आहे तसेच लिहावे.

४) संगणक बंद पडल्यावर चालवायची कागदी पद्धत तयार असावी आणि सहा महिन्यांतून एकदा तिची तालीम व्हावी. सर्व्हर आणि जनरेटर तळघरात नसावेत. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचे पाणी तापीतून शहरात घुसले, तेव्हा तळमजल्यांचे काय झाले हे आपण पाहिले आहे. नोंदींची एक प्रत शहराबाहेर असावी.

५) नवी प्रणाली आणताना जुनी आणि नवी काही काळ बरोबर चालवून ताडून पाहावी. करार संपला तर कंपनीने सर्व नोंदी वाचता येतील अशा रूपात परत द्याव्यात, आणि दोष लपवण्याचे कलम करारात नसावे.

यात खर्च किती? एका उड्डाणपुलाच्या रंगरंगोटीइतकाही नाही.

तोवर आपण काय करायचे?

मागण्या करून घरी बसणे हा आपला जुना रोग आहे. तेव्हा प्रत्येक घराने एवढे करावे. केसबारीवर नाव सांगाल तेव्हा जन्मतारीखही सांगा आणि पावतीवरचे नाव तिथल्या तिथे वाचून पाहा. इंजेक्शन देणाऱ्या सिस्टरला आपले पूर्ण नाव आपण होऊन सांगा, यात उद्धटपणा नाही. रिपोर्ट हाती आला की आधी नाव, वय, तारीख वाचा, आकडे नंतर. घरात प्रत्येकाची एक कागदी फाइल ठेवा: रक्तगट, चालू औषधे, न मानवणारी औषधे. मोबाईलमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नका. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदींच्या प्रती देण्याचे बंधन वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीने डॉक्टरांवर घातले. ते सांगून कागद मागा, गयावया करू नका.

आणि ज्यांना लिहिता येते त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. गुजरातेत फी २० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. प्रश्न तीनच विचारा. रुग्णालयाच्या संगणक प्रणालीची शेवटची सुरक्षा तपासणी कोणी, कोणत्या तारखेला केली? गेल्या वर्षात प्रणाली किती तास बंद होती? बंद असताना वापरायच्या लेखी पद्धतीची प्रत द्या.

निवडणूक आली की आपल्या मंडळांत, गणपतीत, हळदीकुंकवात उमेदवार हात जोडून येतात. आपण त्यांच्याकडे काय मागतो? गटार, बाकडे, समाजाच्या वाडीला पत्रे. ते मागाच. पण या वेळी मराठी मतदाराने एक प्रश्न वाढवावा, 'साहेब, स्मीमेरच्या संगणकाची तपासणी शेवटची कधी झाली?' ज्याला उत्तर माहीत नाही त्याने शोधून यावे. जो हसेल, त्याला मत देण्याआधी दोनदा विचार करा.

आगीचे नळकांडे भिंतीवर लागायला २२ लेकरांचा जीव द्यावा लागला. संगणकासाठी तो आकडा किती व्हावा, याची वाट सुरतेने पाहू नये.

— एक बँक कर्मचारी सभासद, उधना विभाग